अकरावे ड्रॉइंग उघडत का नाही?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये पॅटर्नची अकरा ड्रॉइंग ठेवलेली होती. पॅटर्न शॉपमधल्या संगणकावर त्यांपैकी दहा बिनतक्रार उघडत होती, अकराव्यावर क्लिक केले की मात्र ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश येत होता. वापरणारा तोच, फोल्डरही तोच; त्यामुळे सगळ्यांचा संशय फाइल खराब झाल्यावर होता.

फाइल धडधाकट होती. विंडोजमध्ये १९९३ पासून असलेल्या एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या रचनेत प्रत्येक फाइलला परवानग्यांची स्वतःची यादी असते. फोल्डरमध्ये नवी फाइल तयार केली किंवा बाहेरून कॉपी करून आणली की ही यादी तिला त्या फोल्डरकडून वारशाने मिळते. पण त्याच ड्राइव्हवरची फाइल ‘कट’ करून दुसरीकडे ‘पेस्ट’ केली, तर डिस्कवरची माहिती जागची हलत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो आणि बऱ्याचदा जुनी यादी तशीच तिच्यासोबत येते. दहा ड्रॉइंग कॉपी केलेली होती, अकरावे डिझाइन विभागाच्या फोल्डरमधून कट करून आणलेले होते. ‘आयकॅकल्स’ ही परवानग्यांची यादी बदलणारी आज्ञा ‘रिसेट’ या पर्यायासह त्या फाइलवर चालवली, तेव्हा तिने नव्या फोल्डरची यादी स्वीकारली आणि ती उघडली.

फाइल सर्व्हरवर बसून उघडते, पण नेटवर्कवरून उघडत नाही, असे असेल तर कारण निराळे असते. नेटवर्कवरून येणाऱ्याला आधी शेअरची परवानगी आणि मग फाइलची परवानगी अशी दोन दारे ओलांडावी लागतात, आणि दोहोंत जी अधिक कडक असेल ती लागू होते. त्रुटीचा क्रमांक ५ असेल तर अडचण परवानगीची. ५३ असेल तर सर्व्हरपर्यंतची वाटच सापडलेली नाही, तेव्हा परवानग्या उचकटत बसू नये.

नव्या माणसाला योग्य ग्रुपमध्ये, म्हणजे एकसारख्या परवानग्या असलेल्या गटात, घातल्यावरही तो अडतो, हा अनुभव तर नेहमीचाच. लॉगिन करताना विंडोज त्याच्या ग्रुपांची नोंद असलेले टोकन बनवते. फौंड्रीच्या भाषेत हा सकाळी फाडलेला गेटपास: दुपारी रजिस्टरमध्ये नवा विभाग लिहिला, म्हणून खिशातला पास बदलत नाही. लॉग आउट करून पुन्हा लॉगिन करावे लागते.

वैतागून पुष्कळ जण फाइलच्याच यादीत ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांनाच, ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळे होतात. हा उपाय मला मुळीच पटत नाही, कारण रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइल अडवणारा घातक प्रोग्राम, एखाद्या संगणकात शिरले की त्या वापरणाऱ्याला जिथे लिहिता येते, तिथल्या सगळ्या फाइल ते कुलूपबंद करू शकते.

त्या अकराव्या ड्रॉइंगच्या जुन्या यादीत एका नोंदीला नावच नव्हते, तिथे ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक होता. विंडोज यादीत नाव नव्हे, तर खात्याचा हा ओळख-क्रमांक साठवते. खाते पुसले की क्रमांक तेवढा उरतो. नोकरी सोडून गेलेला माणूस परत आला आणि त्याच नावाने नवे खाते उघडले, तरी त्याला नवा क्रमांक मिळतो, आणि स्वतःच काढलेल्या ड्रॉइंगवरही ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसू शकते.