मरिनस, संत

मरिनस, संत : (सु. तिसरे–चौथे शतक). इटलीने चहूबाजूंनी वेढलेल्या सान मारिनो या चिमुकल्या प्रजासत्ताकाचा परंपरेने मानलेला संस्थापक आणि रक्षक संत. मूळचा पाथरवट. आज क्रोएशियात असलेल्या, एड्रियाटिक समुद्रातील राब बेटावर त्याचा जन्म झाला, असे सांगतात. मित्र लिओ याच्यासोबत तो समुद्र ओलांडून इटलीतील रिमिनी या शहरी बांधकामाच्या कामावर आला. तिथल्या ख्रिस्ती कामगारांना त्याने धीर दिला, श्रद्धेवर टिकवून ठेवले. पुढे रिमिनीचा बिशप गौडेंशियस याने त्याला डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा चर्चसेवक) केले, तर लिओला धर्मगुरूपद दिले. जवळच्या सान लिओ या डोंगरी गावाला याच लिओचे नाव आहे.

मरिनसने रिमिनी सोडण्याचे कारण आख्यायिकेत मोठे मानवी आहे. एका स्त्रीने ‘हा माझा पळून गेलेला नवरा’ असा कांगावा केला आणि तिचा ससेमिरा चुकवण्यासाठी तो तितानो डोंगरावर जाऊन राहिला. हा डोंगर फेलिचिता नावाच्या श्रीमंत विधवेच्या मालकीचा होता. तिचा मुलगा व्हेरिसिमस त्याला हुसकावून लावायला गेला, तो तिथेच लुळा पडला. आईने गयावया केली. मरिनसने प्रार्थना करून मुलाला बरे केले आणि कृतज्ञतेपोटी तिने डोंगरच त्याला देऊन टाकला. राज्याच्या भूमीवरील हक्काचा उगम सान मारिनोचे लोक या दानात पाहतात. तलवारीने जिंकलेल्या प्रदेशाचा अभिमान सगळीकडेच दिसतो. दान मिळालेल्या जमिनीचा अभिमान बाळगणारे राष्ट्र विरळाच.

स्थापनेची तारीख ३ सप्टेंबर ३०१ अशी मानतात. ती इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. रोमन सम्राट डायोक्लीशनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळामुळे मरिनस डोंगरावर गेला असेही सांगितले जाते. परंतु त्या छळाचे पहिले फर्मान फेब्रुवारी ३०३ मधले आहे. शिवाय संताचे उपलब्ध चरित्र त्याच्या काळानंतर कित्येक शतकांनी लिहिलेले आहे. भक्कम कागद मिळतो तो इ. स. ८८५ चा : जमिनीच्या वादात रिमिनीच्या बिशपविरुद्ध डोंगरावरील मठाच्या बाजूने लागलेला निवाडा. म्हणजे नवव्या शतकात तिथे स्वतःच्या जमिनीसाठी भांडणारा समुदाय नक्की होता. तरीही ३०१ हे साल टाकाऊ ठरत नाही. सान मारिनोच्या कायद्यांवर नेहमीच्या सनाबरोबर ‘प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासूनचे’ वर्षही छापतात आणि ते ३ सप्टेंबरला बदलते.

मरणसमयी मरिनसने अनुयायांना ‘मी तुम्हाला दोन्ही माणसांपासून मुक्त ठेवून जातो’ असे सांगितल्याची परंपरा आहे. दोन माणसे म्हणजे सम्राट आणि पोप, असा अर्थ पुढे रूढ झाला. चौथ्या शतकातील साधूच्या तोंडी हे राजकारण शोभत नाही, ती नंतरच्या पिढ्यांची भर असावी. पण या वचनाला सान मारिनोचे लोक जागले, हे मात्र खरे. १७३९ मध्ये कार्डिनल (पोपखालोखालचा धर्माधिकारी) अल्बेरोनीने राज्य बळकावले, तेव्हा नागरिकांनी थेट पोपकडे दाद मागितली आणि फेब्रुवारी १७४० मध्ये स्वातंत्र्य परत मिळवले. १७९७ मध्ये नेपोलियनने राज्याच्या सीमा वाढवून देऊ केल्या. त्यांनी नम्रपणे नकार दिला. आज या राज्याचे क्षेत्रफळ सु. ६१ चौ. किमी. असून दर सहा महिन्यांनी दोन राज्यप्रमुख निवडले जातात.

मरिनसच्या मानलेल्या अस्थी १५८६ मध्ये जुन्या चर्चमध्ये सापडल्या. त्या जागी एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या बॅसिलिकेच्या (मोठ्या चर्चच्या) वेदीखाली त्या ठेवल्या आहेत. शेजारच्या सेंट पीटर चॅपेलमध्ये खडकात कोरलेले दोन कोनाडे दिसतात. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या या जागा म्हणजे मरिनस आणि लिओ यांचे बिछाने, अशी श्रद्धा आहे. ३ सप्टेंबर हा संताचा सण हाच राष्ट्रीय दिन असून त्या दिवशी मोठ्या आडव्या धनुष्यांनी नेमबाजीची स्पर्धा भरते.