लाइन गेली तर फोन राउटरला जोडा

ब्रॉडबँड बंद पडलं की आपण फोनचा हॉटस्पॉट सुरू करतो. एका लॅपटॉपचं भागतं, पण टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे तसेच खोळंबून राहतात. म्हणून आमचं ग्राहकांना सांगणं आहे की पर्यायी नेट थेट राउटरमध्ये आणा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तेच राहतात, त्यामुळे घरातल्या कुठल्याच उपकरणाच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर सिग्नल घरापर्यंत पोचतच नाहीये. अशा वेळी राउटर पुन्हापुन्हा बंद-चालू करू नका, तक्रार नोंदवा आणि पर्यायी नेटकडे वळा.

राउटरला यूएसबी पोर्ट असला म्हणजे सोय झालीच असं नाही. कित्येक राउटरमध्ये तो फक्त पेनड्राइव्ह किंवा प्रिंटरसाठी असतो. सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंगचा, म्हणजे फोनचं नेट केबलमधून घेण्याचा पर्याय दिसला, तर अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा. नुसत्या चार्जिंगच्या केबलने काम होणार नाही. मग फोनमधलं टेदरिंग सुरू करा आणि त्याचं वाय-फाय आठवणीने बंद करा. ते चालू राहिलं तर फोन घरच्याच वाय-फायला जोडला जातो आणि तेच बंद पडलेलं नेट केबलमधून राउटरला परत देतो. सगळं बरोबर जोडूनही नेट येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं.

टेदरिंगची सोय नसेल, तर सिमकार्डवाला छोटा राउटर घेऊन त्याची केबल मुख्य राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट जिथून आत येतं त्या खाचेत लावा. दोन्ही राउटरचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ होतो; एकाचा बदलून १९२.१६८.२.१ करा.

लाइन आपोआप बदलायला हवी असेल, तर खरेदीपूर्वी एक गोष्ट नक्की विचारा: नेट गेलं हे राउटरला कळतं कसं? काही राउटर फक्त वॅनची केबल जिवंत आहे का ते बघतात. फायबर तुटली तरी डबा चालूच असतो, त्यामुळे त्यांना सगळं ठीक वाटतं. १.१.१.१ सारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघून खात्री करणारा राउटरच घ्या.

डेटाकडे लक्ष ठेवा. घरातली उपकरणं हे नेहमीचंच वाय-फाय समजून फोटोंचा बॅकअप आणि अपडेट खुशाल सुरू करतात. एचडी व्हिडिओलाही तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. लॅपटॉपवर ‘मीटर्ड कनेक्शन’ ही डेटा जपून वापरण्याची सेटिंग लावा, फोटोंचा बॅकअप तात्पुरता थांबवा.

सिम शक्यतो ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असावं, म्हणजे दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता कमी होते. आणि यूपीएसवर राउटरबरोबर फायबरचा डबाही घ्या; वीज गेली तरी पुष्कळदा लाइन चालू असते, बंद असतो तो फक्त डबा.