दवाखान्यात जाताना ही फाईल सोबत न्या

नमस्कार मंडळी,

यावेळी कुत्र्या-मांजराच्या फूडच्या बॅगेसोबत एक निळी प्लास्टिकची फाईल हातात आली असेल, आणि बऱ्याच जणांनी काउंटरवरच विचारलं की ही कसली स्कीम. स्कीम नाही ओ. फाईल रिकामीच आहे, ती तुम्ही भरायची आहे, आणि का भरायची ते सांगायला हा कागद.

कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला आमचं पेट शॉप, मी, बायको आणि ग्रूमिंगला एक पोरगा, एवढाच कारभार. माणसं येतात शॅम्पू न्यायला आणि उभी राहतात अर्धा तास, कारण नुकतीच जनावरांच्या दवाखान्यातनं आलेली असतात आणि कुणाला तरी सांगायचं असतं. कुणी डॉक्टरांवर जाम खूश, कुणी परत त्या पायरीवर पाय ठेवणार नाही म्हणून शपथ घेतलेलं. हे सगळं ऐकून ऐकून एक गोष्ट लक्षात आलीय, की जनावर वाचलं म्हणून अनुभव चांगला आणि गेलं म्हणून वाईट, असा हिशेब बसतच नाही.

फुलेवाडीचं एक जोडपं, अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, पार्व्हो नावाचा व्हायरस झालेला. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि तो वास, एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं की या व्हायरसला मारणारं औषध माझ्याकडं नाही, सलाईन लावून अंगातलं पाणी टिकवायचं, उलटी थांबवायची आणि पिल्लाला लढू द्यायचं, वाचेलच असा शब्द देत नाही, रोजचा खर्च साधारण इतका येईल, झेपणार नसेल तर आत्ताच बोला, कमीत काय होतंय ते बघू. चौथ्या दिवशी पिल्लू गेलं. तरी ते जोडपं आजही दुसऱ्यांना त्याच डॉक्टरांकडं पाठवतं. आणि दुसरीकडं आमच्याच एका गिऱ्हाइकाचा पग एकदम टकाटक बरा झाला, ग्रूमिंग टेबलवर उड्या मारतोय, पण मालक अजून त्या दवाखान्याचं नाव काढलं की तापतो. का तर पाच दिवस रोज एक सुई, रोज पैसे, आणि शेवटी काय झालतं विचारलं तर उत्तर मिळालं "इन्फेक्शन होतं". बास, एवढंच.

पार्व्होवरनं आठवलं, ज्या घरात असं पिल्लू गेलंय तिथं लगेच दुसरं आणू नका, मन कितीही करू दे. तो व्हायरस फरशीवर, अंगणात महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलनं मरत नाही, ब्लीचचं पाणी लागतं, आणि नवीन पिल्लाचे डोस आधी पूर्ण पाहिजेत.

आता फाईलचं मूळ कुठं आहे ते सांगतो. आमची राणी, लॅब्रॅडॉर, तेव्हा सात वर्षांची. नसबंदी केली नव्हती, एकदा तरी पिल्लं होऊ देत म्हणून आम्हीच लांबवत गेलो. एक दिवस खाणं सोडलं, पाणी मात्र पातेल्यामागून पातेलं पीत सुटली. दवाखान्यात नेली, गर्दी होती, दोन मिनिटं पोट चाचपलं, "गॅस आहे", दोन इंजेक्शनं आणि कागदाच्या पुडीत गोळ्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. केस पेपर नाही, औषधाचं नाव नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी राणी उठेना म्हणून उचलून दुसरीकडं नेली, तिथल्या डॉक्टर बाईंनी टेबलावर घ्यायच्या आधीच विचारलं, "शेवटची हीट कधी होती?" हीट म्हणजे मादी माजावर येते ती. बायको म्हणाली महिना झाला असेल. बाई एकदम गप्प झाल्या आणि सरळ सोनोग्राफीला घेतलं. गर्भाशय पुवानं भरलेलं. नसबंदी न केलेल्या मादीला हीट होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत हे होऊ शकतं, पायोमेट्रा म्हणतात, आणि पाणी जास्त पिणं ही त्याचीच खूण, हे आम्हाला तेव्हा कळलं, पेट शॉप चालवणाऱ्यांना!

ऑपरेशनची तयारी चालू असताना बाईंनी विचारलं आधी काय काय दिलंय. मी खिशातनं पुडी काढली. तीन गोळ्या, एक पिवळी, एक पांढरी, एक अर्धी तुटलेली गुलाबी. त्यांनी तळहातावर घेतल्या, उजेडात धरून बघितल्या आणि काही न बोलता परत माझ्या हातात दिल्या. काय कळणार ओ त्यातनं. आणि कळणं किती गरजेचं असतं बघा, आधीच्यानं स्टेरॉईड दिलं असेल आणि पुढच्यानं माहीत नसताना वर पेनकिलर दिली तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर दोघंही शहाणे असले तरी मध्ये कागद नसेल तर ते आंधळेच.

राणी वाचली, काउंटरखाली पाय पसरून झोपलेली असते ती हीच. पहिल्या ठिकाणी चूक झाली यात वादच नाही, हीट कधी झाली हा एक प्रश्न विचारला असता तर दोन दिवस वाचले असते. पण खरं सांगायचं तर आम्हीपण आपणहून सांगितलं नव्हतं, पोटाचा आणि हीटचा काय संबंध असंच वाटलं.

तर फाईलमध्ये काय ठेवायचं. लसीचं पुस्तक, प्रत्येक वेळचा केस पेपर, ब्लड रिपोर्ट, आणि एक साधा कागद ज्यावर तुम्ही स्वतः लिहायचं, तारीख, वजन, काय खाल्लं, उलटी कधी झाली, जंताचं औषध कधी दिलं, मादी असेल तर हीटची तारीख. केस पेपर दिला नाही तर मागून घ्या. "डॉक्टर, इंजेक्शनचं नाव तेवढं लिहून देता का" एवढंच म्हणायचं, भांडायचं नाही. चांगले डॉक्टर लगेच लिहून देतात, कुणी चिडलंच तर काय समजायचं ते तुम्ही समजून घ्या. आणि फाईल प्लास्टिकची का, तर २०१९ च्या पुरात आणि परत २०२१ ला कितीतरी जणांची लसीची पुस्तकं पाण्यात गेली, नंतर कुठला डोस झालाय कुठला नाही कुणालाच आठवेना. पुराचं पाणी म्हणजे उंदराचं मूत आलंच, त्यातनं लेप्टो नावाचा रोग होतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो, त्याची लस वर्षाच्या डोसमध्ये असते. पंचगंगेच्या काठाला राहणाऱ्यांनी तर पावसाळ्याआधीच पुस्तक काढून बघावं.

लसीचं अजून एक. डोस दिल्यावर बाटलीवरचं छोटं स्टिकर काढून पुस्तकात चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. नुसती सही आणि तारीख असेल तर स्टिकर मागा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, म्हणून आम्ही दुकानात लस ठेवत नाही आणि ठेवणारही नाही, दर आठवड्याला कोणतरी विचारतंच, "तुम्हीच टोचा की, शंभर रुपये कमी पडतील". नाही भावा. एकदा लाईट जाऊन गरम झालेली लस बघायला तशीच दिसते, काम मात्र करत नाही, आणि ते कळतं कधी तर रोग झाल्यावर.

पैशाचं बोलू. जास्तीत जास्त भांडणं इथंच होतात आणि आमच्या मते दोन्ही बाजूंनी उगाच होतात. जनावरांच्या दवाखान्यात सोनोग्राफी, ब्लड टेस्ट, भूल, सगळ्याचा खर्च माणसासारखाच येतो आणि बहुतेकांचा इन्शुरन्स नसतो, त्यामुळं बिल बघून डोळे फिरतात. पण आधी विचारलं का आपण? आपल्याकडं डॉक्टरला पैसे विचारणं म्हणजे कमीपणा वाटतो, आणि बाहेर आल्यावर मात्र "लुटतात ओ" म्हणून आमच्या काउंटरवर येतो. टेबलावर घ्यायच्या आधी विचारा, आज किती येईल, ही टेस्ट नाही केली तर काय होईल, घरी नेऊन औषध दिलं तर चालेल का. राजारामपुरीतल्या एका मावशींनी डॉक्टरांना स्पष्टच सांगितलं की माझ्याकडं आज दोन हजार आहेत, त्यात सगळ्यात गरजेचं काय ते करा. डॉक्टरांनी एक्सरे बाजूला ठेवला आणि आधी ब्लड टेस्ट केली, त्यातच गोचीड ताप सापडला. मावशी अजून सांगतात तो किस्सा.

गोचीड तापात मालकाचा हात कसा असतो तेही सांगतो, कारण सगळं डॉक्टरवर ढकलणं बरोबर नाही. गोचिडातनं रक्तात जंतू जातात, ताप येतो, प्लेटलेट पडतात, कधी नाकातनं रक्त येतं. त्यातल्या एर्लिकिया नावाच्या जंतूला डॉक्सीसायक्लिन गोळीचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. आमच्याकडं येणाऱ्या एकानं दहाव्या दिवशी बंद केला, का तर कुत्रं जेवायला लागलं. दीड महिन्यानं परत आडवं. मग डॉक्टर वाईट! गोळी जेवणाबरोबर द्यायची, शेवटपर्यंत द्यायची, आणि घरातल्या भिंतीच्या फटीतले गोचीडपण मारायचे, नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही.

तसंच लपवाछपवीचं. कळंब्यातनं एक मांजर आलं दवाखान्यात, हिरड्या करड्या पडलेल्या, तोंड सुजलेलं, घरचे म्हणत होते काहीच दिलं नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पोराच्या तोंडातनं निघालं, ताप वाटला म्हणून आजीनं पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिलती. मांजराला ती अर्धी गोळीपण विष आहे, त्यांचं शरीर ती पचवूच शकत नाही. त्या डॉक्टरांनी आजीला एक शब्द बोलला नाही, आधी मांजराकडं धावले, आणि नंतर आजीच्या शेजारी बसून सांगितलं की तुम्हाला माहीत नव्हतं, आता माहीत झालं. याला म्हणतात चांगला दवाखाना. माणसाची कुठलीच गोळी आपल्या मनानं देऊ नका, कुत्र्याला ब्रुफेन पण नाही. आणि रविवारी मटणाच्या रश्श्यातली हाडं पण नकोत, शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं. कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे, तरी सांगतोय.

आपला जिल्हा दुधाचा, जनावराचा डॉक्टर म्हटलं की म्हातारी माणसं म्हशीचाच धरतात, गावाकडं म्हशीला सुई टोचायला आलेल्यालाच कुत्रं दाखवून घेतात. तो पदवीवाला डॉक्टर असेल तर काहीच हरकत नाही, पदवी एकच असते, साडेपाच वर्षांची, त्यात म्हैसही येते आणि मांजरही. पण नुसता सुई टोचणारा असेल तर सांभाळून. १९८४ च्या कायद्यानं पशुवैद्यक परिषदेकडं नोंदणी असलेल्यालाच प्रॅक्टिस करता येते, नोंदणी नंबर विचारायला लाजू नका. आणि डॉक्टरांनी केस पुण्याला किंवा शिरवळच्या कॉलेजला न्या म्हणून सांगितलं तर "जमलं नाही म्हणून ढकललं" असं म्हणत बसू नका, आपल्याला काय जमत नाही हे वेळेत सांगणारा डॉक्टर आम्हाला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

थांबायचंच नाही अशा चार गोष्टी फाईलच्या आतल्या बाजूला छापल्यात, इथंही सांगतो. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंब येत नाही, मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलंय आणि उलटी येतेय पण पडत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, किंवा फिट थांबत नाही. यात सकाळ होऊ दे म्हणायचं नाही. तुमच्या डॉक्टरांना रात्रीचं कुठं जायचं हे आजच विचारून ठेवा, रात्री दोनला विचारण्यापेक्षा. आणि कुठल्याही कुत्र्यानं किंवा मांजरानं माणसाला चावलं, ओरबाडलं, घरचं असलं तरी, जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. रेबीजची लक्षणं दिसल्यावर हातात जवळजवळ काही राहत नाही. हळद-चुना लावत बसू नका.

आमच्याकडं नेहमी विचारतात, मग कुठला दवाखाना चांगला ते तरी सांगा. या कागदावर आम्ही कुणाचंच नाव घेतलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही, कुणाकडनं कमिशन घेत नाही आणि कुणाशी वाकडं पण नाही. दुकानात या, तुमचं जनावर कसलं, घर कुठं, गाडी आहे का, बजेट काय हे बघून जे वाटतं ते तोंडी सांगू.

फाईल ज्यांना मिळाली नाही त्यांनी मागून घ्या, पैसे नाहीत. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख आणि आजचं वजन आमचा पोरगा लिहून देईल, काटा दुकानातच आहे. सोमवारी बंद. मांजर आणणार असाल तर कॅरीबॅगेतनं आणू नका, मागच्या महिन्यात एक निसटलं आणि दोन तास कॅल्शियमच्या डब्यांच्या मागं बसलं होतं, शेवटी राणीनंच हुसकलं.