‘ग्रेड कमी म्हणजे धोका नाही’ हा समज चुकीचा

चिखलदऱ्याच्या कड्यांवर दोर लावून शिकलेली आमच्याकडची पोरं आता जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीचे गोठलेले धबधबे चढायला निघतात. जाताना हमखास ऐकू येतं, “पुस्तकात डब्ल्यूआय-२ लिहिलंय, काही धोका नाही.” हे खरं नाही, आणि या समजापायी जीव जाऊ शकतो.

डब्ल्यूआय म्हणजे ‘वॉटर आइस’, गोठलेल्या धबधब्यांच्या चढाईची ग्रेड; आकडा मोठा तशी चढाई अवघड. ती ग्रेड बर्फ किती उभा आणि चढायला किती अवघड, एवढंच सांगते. डब्ल्यूआय-३ म्हणजे साधारण ७० अंशांचा चढ, डब्ल्यूआय-५ म्हणजे जवळजवळ सरळ भिंत. डोक्यावरच्या हिमउताराबद्दल त्यात एक अक्षर नसतं. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि अशा उताराखालची घळ चढायला अगदी सोपीही असू शकते.

शिवाय खडक तोच राहतो, बर्फ नाही. आपला पांदण रस्ताच घ्या. नकाशावर रेघ तीच. पण फेब्रुवारीत बैलगाडी खडखडत जाते अन् जुलैत काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुततं. पुस्तकातली ग्रेडही अशीच, लिहिणाऱ्याला जसा बर्फ मिळाला त्याची.

म्हणून आकड्याआधी धबधब्याचं तोंड कुठल्या दिशेला, घळीच्या वर काय, उतरायची वाट कोणती, ते वाचा. दक्षिणेकडे तोंड असेल तर उन्हानं बर्फ सुटतो. गावातल्या माणसाला या आठवड्याची स्थिती विचारा. पायथ्याशी एक आइस स्क्रू (दोर अडकवायला बर्फात फिरवून बसवतात तो पोकळ स्क्रू) फिरवून बघा : निळसर, भरीव बर्फात तो घट्ट बसतो, पांढऱ्या, भुसभुशीत बर्फात नुसता फिरत राहतो.