झेरॉक्सवाल्याच्या संगणकात काय काय उरतं?

परवा नागपूरच्या बर्डीवर एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. माझी फाइल शोधायला दुकानदार व्हॉट्सॲपवर खाली सरकत गेला, तर समोर रांगच: 'आधार', 'आधार १', 'आईचं आधार', 'आधार नवीन'. कुणाची, कधीची, कोण सांगणार? त्याला तरी काय बोलावं. दुपारच्या गर्दीत पुसत बसायला सवड कुणाला आहे.

गंमत म्हणजे, ज्या यंत्रणेचं हे कार्ड आहे ती स्वतः एवढी बडबडी नाही. अंगठा टेकवला की तो त्या क्रमांकापुढे नोंदलेल्या ठशाशी ताडून पाहिला जातो आणि साध्या पडताळणीत उत्तर येतं एका शब्दाचं: 'हो' किंवा 'नाही'. (ई-केवायसीत मात्र नाव, पत्ता, फोटोही जातो.)

क्रमांकही तसा मुकाच. १२ पैकी पहिल्या ११ अंकांत ना जन्मतारीख दडलेली, ना जात, ना गाव. बारावा अंक पहारेकरी: तो आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला, टाइप करताना झालेली चूक पकडायला. नुसती बेरीज तपासली असती तर ३७ च्या जागी ७३ टाइप झालेलं कळलं नसतं, बेरीज तीच. १९६९ साली व्हेरहूफ या डच गणितज्ञाने पंचकोनातून तोड काढली: पंचकोन फिरवून-उलटवून होणाऱ्या दहा स्थिती म्हणजे ० ते ९ हे अंक. पंचकोन आधी फिरवून मग उलटवा, किंवा आधी उलटवून मग फिरवा. तो वेगळ्याच स्थितीत थांबतो. मोजे आणि बुटांसारखं. या गणितात क्रमाला किंमत आहे, म्हणून एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर चूक पकडली जातेच. इंटरनेटसुद्धा लागत नाही.

मग घोर कशाचा? एकच क्रमांक बँकेत, गॅस एजन्सीत, लॉजवर, सिमकार्डवाल्याकडे ठेवला की विखुरलेले मणी एका दोऱ्यात ओवले जातात. त्यावर २०१८ साली आधार क्रमांकाऐवजी देता येणारा १६ अंकी व्हर्च्युअल आयडी आला. तो हवा तेव्हा बदलता येतो. बोट बदलता येत नाही. त्याच वर्षी तेलंगणात जमीन नोंदणीच्या दस्तांवरच्या अंगठ्यांवरून नकली ठसे बनवून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघडकीला आलं. ठसे फुटले ते कागदावरून! म्हणून बायोमेट्रिक लॉक करण्याची, म्हणजे अंगठ्याने होणारी पडताळणीच बंद ठेवण्याची, सोय मला सर्वांत कामाची वाटते.

न्यायालयांनी याचा काथ्याकूट भरपूर केलाय. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी आधार चार विरुद्ध एक मतांनी टिकलं. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं. आपल्याकडे ते अल्पमतात राहिलं, पण २०१९ साली जमैकाच्या न्यायालयाने तिथला ओळखपत्राचा कायदा रद्द करताना त्याच मताचा आधार घेतला. आधार हा शब्द इथे आपसूकच आला.

लॉजवाल्याला माझं नाव आणि चेहरा जुळतो का एवढंच हवं असतं. त्याला शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार पुरतं. त्यावरच्या क्यूआर कोडला डिजिटल सही असते, त्यामुळे कुणी नाव-पत्ता खोडून बदलला तर स्कॅन करताना उघडं पडतं. तरी काउंटरवर ऐकू येतं, "पूर्ण झेरॉक्स द्या भाऊ."

दुकानदाराला म्हटलं, माझी फाइल पुसून टाका. त्याने लगेच डाउनलोडमधून उडवली. चॅटमध्ये होतीच ती. आणि माझ्या फोनवरून ती मला 'सर्वांसाठी' पुसता येईना. पाठवून तीन दिवस झाले होते.