रॉकेट बिघडलंय की सेन्सर?

21 ऑक्टोबर 2023, शनिवार. सकाळी पावणेनऊच्या सुमारास मी विक्रोळी स्टेशनात मोबाईलवर श्रीहरिकोट्याचं लाइव्ह लावून उभा होतो, शेजारचे एक काकाही मान वाकडी करून बघत होते. गगनयानची टीव्ही-डी1 टेस्ट होती, आत माणूस नव्हता, पण माणसाला वाचवायची क्रू एस्केप सिस्टिम तपासायची होती. काउंटडाऊन पाच सेकंदांवर आलं आणि कॉम्प्युटरने होल्ड टाकला, म्हणजे उड्डाण थांबवलं. काका म्हणाले, "गेलं वाटतं." चेहराच उतरला त्यांचा. मला सांगायचं होतं की काका, गेलं नाही, वाचलं, पण तेवढ्यात लोकल आली आणि गर्दीत ते राहूनच गेलं. दहा वाजता ते यान व्यवस्थित उडालं. नंतर इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सोमनाथ यांनी सांगितलं की गडबड देखरेख करणाऱ्या यंत्रणेत होती. आणि गेली साठेक वर्षं सगळा झगडा ह्याच एका गोष्टीशी चाललाय, इंजिन खरंच बिघडलंय की बिघाड सांगणाराच चुकतोय.

सुरुवातच बघा. 21 नोव्हेंबर 1960, अमेरिकेचं मर्क्युरी-रेडस्टोन 1, हेही माणसाशिवाय. रॉकेट जेमतेम 10 सेंटीमीटर उचललं, खालचे, जमिनीशी जोडणारे दोन प्लग चुकीच्या क्रमाने सुटले, इंजिन बंद पडलं आणि रॉकेट परत जागेवर बसलं. यंत्रणेला वाटलं उड्डाण आटोपलं, म्हणून वरचा एस्केप टॉवर, म्हणजे संकटात कॅप्सूलला ओढून दूर नेणारं छोटं रॉकेट, कॅप्सूलला तिथेच सोडून एकटा उडून गेला, पाठोपाठ पॅराशूटही बाहेर! इंधनाने भरलेलं रॉकेट तसंच उभं, कोणी जवळ जायला तयार नाही, शेवटी रात्रभर बॅटऱ्या उतरायची वाट बघत बसावं लागलं.

मग चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न 5 रॉकेटमध्ये एका सेन्सरच्या शब्दावर विश्वास ठेवायचाच नाही असं ठरलं. प्रत्येक मोठ्या इंजिनाला थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, बघणारे तीन स्विच, तिघांपैकी दोघं म्हणाले बंद तरच ते इंजिन बंद धरायचं, आणि सुरुवातीच्या टप्प्यात अशी दोन इंजिनं गेली की कोणाला न विचारता अबॉर्ट, म्हणजे उड्डाण सोडून माणसांना बाहेर काढायचं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण तेव्हा माणसाला विचार करायला वेळच नसतो.

पण वेळ नसतो म्हणून माणूस नकोच, असंही नाही. 29 जुलै 1985, चॅलेंजर शटल, आत सात जण. उड्डाणाला पावणेसहा मिनिटं होत आली आणि मधलं इंजिन बंद पडलं, पंपाच्या टर्बाइनचं तापमान फार वाढलंय असं सेन्सर सांगत होते म्हणून कॉम्प्युटरनेच ते बंद केलं. थोड्याच वेळात दुसऱ्या इंजिनाचा एक सेन्सरही तेच बोलायला लागला. ह्यूस्टनला कन्सोलवर जेनी हॉवर्ड बसलेल्या, त्यांनी ओळखलं की इंजिन तापलेलं नाही, सेन्सर मरतायत, आणि लगेच क्रूला लिमिट्स इनहिबिट करायला सांगायला लावलं, म्हणजे कॉम्प्युटरला इंजिन बंद करता येणार नाही. तेही इंजिन गेलं असतं तर शटल कक्षेत पोचणंच शक्य नव्हतं. पोचलं, थोडं खालच्या कक्षेत, आणि मोहीमही पूर्ण झाली. त्या काही सेकंदांचा विचार केला की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

सोव्हिएत युनियनमध्ये ह्याच्या उलट झालं होतं. 26 सप्टेंबर 1983 ला बायकोनूरला उड्डाणाच्या दीडेक मिनिट आधी इंधन गळून पॅडवरच आग लागली आणि त्या आगीत एस्केप सिस्टिमच्या वायरीच जळाल्या, म्हणजे धोका समोर दिसतोय पण निरोप जायला रस्ताच नाही. शेवटी कंट्रोलमधल्या दोघांनी रेडिओवरून कमांड दिली तेव्हा कॅप्सूल उडाली, आणि काही सेकंदांत खालचं रॉकेट फुटलं. आत टिटोव्ह आणि स्ट्रेकालोव्ह होते. हेच स्ट्रेकालोव्ह सहा महिन्यांनी, 3 एप्रिल 1984 ला, आपल्या राकेश शर्मांसोबत परत सोयूझमध्ये बसले. आपल्याकडे शर्मांचं कौतुक होतं ते व्हायलाच हवं, पण हे नावही लक्षात ठेवा.

इस्रोलाही ही गोष्ट नवीन नाही. 28 मार्च 2001 ला पहिल्या जीएसएलव्हीची बाजूची चार लिक्विड इंजिनं पेटली, त्यातल्या एकाचा थ्रस्ट पुरेसा येईना, तर कॉम्प्युटरने उड्डाणाच्या एक सेकंद आधी सगळं बंद केलं. तिथे ही इंजिनं मधल्या सॉलिड, म्हणजे घन इंधनाच्या, मोटरच्या 4.8 सेकंद आधी पेटवतात ती ह्यासाठीच, कारण सॉलिड एकदा पेटलं की विझवता येत नाही. रॉकेट वाचलं आणि 18 एप्रिलला उडालं.

माणसं नेणारं गगनयानचं खरं रॉकेट मात्र वेगळं आहे. एलव्हीएम3 मध्ये आधी दोन मोठे सॉलिड बूस्टर पेटतात आणि आपल्या विक्रोळीत गोदरेजमध्ये जी विकास नावाची लिक्विड इंजिनं बनतात, तशी दोन इंजिनं दोन मिनिटं व्हायच्या जरा आधी, वर हवेत सुरू होतात. ह्या इंजिनांसाठी तिथे पाच सेकंद आधीचा होल्ड नाही आणि परत पॅडवर येणं नाही. इंजिन नीट पेटलं की नाही हे उडता उडताच ओळखायचं, आणि नसेल तर चालक दलाला तिथूनच बाहेर काढायचं.