धरणाखालचं पाणी निवळ, म्हणून मासे निरोगी?

धरणात गाळ बसतो, पाणी निवळतं, म्हणून खालच्या माशांना रोग कमी होतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. अमेरिकेतली क्लॅमथ नदी पाहा.

समुद्रातून नदीत वर चढून अंडी घालणाऱ्या तिथल्या सामन माशांच्या आतड्यात सेराटोनोव्हा शास्ता हा सूक्ष्म परजीवी शिरतो. तो माशाकडून थेट माशाला लागत नाही. मध्ये नदीच्या तळावरचा एक इवलासा कृमी असावा लागतो. मोठा पूर तळ खरवडून हे कृमी वाहून नेतो. धरणाने पूर अडवला, पाणी एकसारखं सोडलं, की तळ हलत नाही आणि कृमी माजतात. त्यातच वरची वाट बंद झालेले सामन याच नदीवरच्या आयर्न गेट धरणाखाली गर्दीने अंडी घालून तिथेच मरत. त्यांच्या कलेवरांतले परजीवीचे बीजाणू कृमींच्या पोटात जात, आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं नेमकी याच पट्ट्यात सापडत. गढूळ पूर हेच या नदीचं औषध होतं!

प्रत्येक परजीवी धरणामुळे वाढतोच असं नाही. जो परजीवी वाहत्या पाण्यातल्या गोगलगायीच्या अंगात वाढतो, तो कमीही होऊ शकतो.

आयर्न गेटसह क्लॅमथवरची चार धरणं २०२४ पर्यंत पाडली गेली. त्याच वर्षी सामन पुन्हा नदीच्या वरच्या अंगाला, ऑरेगन राज्यापर्यंत चढले.